बांधावरचं माहेर

धोंडूबाईचं माहेर वळ गावाला होतं, म्हणजे एके काळी होतं. आता ते उंबरघोळच्या धरणाच्या उतारावर होतं, आणि गावात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दुपारची भांडी पालथी घातली, की ती पदर डोक्यावर ओढायची आणि म्हणायची, "जरा वळला जाऊन येते." पंढरी खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचा, "सासूबाईंना माझा नमस्कार सांग." त्याची सासू जाऊन जमाना झाला होता. तरी तो नमस्कार सांगायचा आणि धोंडूबाई "सांगते" म्हणायची.

धरण हे सरकारी कागदावरचं नाव. गावाला तो नुसता बांध. दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा उंच बांध, अलीकडे गाव, पलीकडे पाणी. त्या पाण्यावर भात कापल्यावर वाल व्हायचे, काकडी-भेंडी व्हायची, आणि ती पहाटे टेम्पोतून भिवंडीच्या बाजारात जायची. बांधाच्या गावाकडच्या उतारावर, सगळीकडे लाल माती असताना, एका जागी काळ्या मातीचं ठिगळ होतं. ती माती वळची. धोंडूबाईच्या बापाच्या शेतातली.

तिचं लग्न झालं त्या साली बांध नवा होता. पहिल्याच पावसाने त्याच्या अंगावर घळी पाडल्या आणि अख्खं गाव पाट्या घेऊन त्या बुजवायला लागलं. तिचा बाप लेकीला बघायला आला, ते बघून गेला, आणि आठवड्याने बैलगाडीभर काळी चिकण माती घेऊन परत आला. "माझ्या पोरीचं गाव हाय," म्हणाला, "माझीबी माती लागू द्या." गाडी बांधावर नेली, उतारावर ओतली. गावाला ही गोष्ट इतकी आवडली की पुढच्या साली खारबावची सून पाटीभर माती घेऊन आली. त्यानंतर रिवाजच पडला. नवरी गावात शिरली की आधी बांधावर जाणार, माहेरची माती घालणार, मग उंबरठा ओलांडणार.

आता रिवाज म्हटला की त्यात हौस शिरतेच. पाटीची गाडी झाली, गाडीची ट्रॉली झाली. कोन गावच्या एका बापाने दोन ट्रॉल्या धाडल्या, म्हणून पुढच्याने तीन धाडल्या. वरातीच्या पुढे बँजो आणि मागे मातीचा ट्रॅक्टर. व्याही बांधावर उभे राहून फोटो काढायचे. माती खाली उतारावर ढकलून द्यायची आणि जेवायला जायचं. बांधाला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि या सगळ्या सुनांमध्ये पहिली माती आपली, हा धोंडूबाईचा तोरा. तो ती लपवायचीही नाही.

पुढे वळचं शेत गेलं. तिथे गोदामं झाली, भाऊ वारला, भावजय लेकाकडे नाशकाला गेली. धोंडूबाईचा नातू सागर त्याच वळला एका गोदामात शिफ्टवर कामाला जायचा. एकदा तिने त्याला विचारलं, "बाबा रे, आमचं शेत कुठं आलं त्यात?" तो म्हणाला, "आजी, सगळीकडं लादी हाय गं. काय सांगू?" तेव्हापासून ती बांधावर जायला लागली. काळ्या मातीवर बसायची, हात लावायची, बरं वाटायचं. एकच उणीव होती. वळच्या घरात ती पाऊल टाकायची तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत आई विचारायची, "जेवलीस का गं?" बांधावर सगळं होतं, पण हे विचारणारं कुणी नव्हतं.

ती परत येईपर्यंत पंढरी चहा ठेवायचा. माहेराहून आलेल्या बाईला चहा लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

एका श्रावणात बांध खचला. आधी माथ्यावर लांबलचक चीर पडली, मग गावाकडचा उतार वाडग्यासारखा खरवडून निघाला आणि मातीची एक लांब जीभ लपकन पायथ्याशी येऊन थांबली. फुटला नाही एवढं नशीब. खालच्या आळीतली माणसं शाळेत जाऊन राहिली, पाटबंधारे खात्याच्या लोकांनी धरणाचं दार थोडं थोडं उघडून पाणी सावकाश उतरवलं, आणि गावाचा जीव भांड्यात पडला. मग गावाने, गावाच्या सवयीप्रमाणे, दोष कुणाचा ते शोधायला घेतलं.

तो सापडायला वेळ लागला नाही. सागरची बायको मेघाली. त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. भिवंडीत कारखान्याच्या चाळीत वाढलेली. बाप यंत्रमागावर कामाला, आई लहानपणीच गेलेली. चाळीला अंगण नाही, अंगण नाही तर माती कुठली? लग्नाआधी तिने सागरला फोन करून रडत विचारलं, आणि दोघांनी मिळून नर्सरीतून मातीची पिशवी विकत आणली. पिशवीवर गुलाबाचं चित्र होतं. ती तिने बांधावर फोडली तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि तिचं नाव पडलं पिशवीवाली. बांध खचला तेव्हा सगळ्यात वरची माती तिचीच होती. "विकतची माती बांधाला सोसली न्हाय," असं पाणवठ्यावर ठरलं. धोंडूबाई तेव्हा तिथेच होती. ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं.

दिवाळीनंतर पोकलेन आला, आणि त्याच्या मागून मोटरसायकलवर माधवी आली. खात्याची इंजिनीअर, तिशीची, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पायात चिखलाने भरलेले बूट. दोन दिवस ती बांध खालीवर करत राहिली, जागोजागी खड्डे घेऊन माती चुरून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी देवळासमोर तिने गावाला सांगितलं, "वरून टाकलेली सगळी माती काढावी लागेल. घट्ट जुना बांध लागेपर्यंत."

बायकांमध्ये एकच गलका झाला. ज्या बायकांनी मेघालीला नावं ठेवली होती, त्याच आता ओरडत होत्या, की आमच्या बापाने एवढ्या लांबून आणलेली माती काढणारी ही कोण? धोंडूबाई ओरडली नाही. ती उठली, चालत बांधावर गेली आणि पायथ्याशी घसरून आलेल्या काळ्या मातीच्या ढिगावर जाऊन बसली. पोकलेनवाल्याने वरून हाक दिली, "अम्मा, थोडा बाजू हो जाओ, मशीन आ रहा है." ती म्हणाली, "ये मेरा मायका है. मय नहीं हटती."

त्याने मशीन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. माधवी खाली आली. "उठा" म्हणाली नाही, हेल्मेट काढून शेजारी मातीतच बसली.

"आजी, तुम्ही बांध नवा असताना पाहिलाय ना? पायथ्याशी काय होतं तेव्हा?"

"काय असायचं? दगड होते रचलेले. लांबच्या लांब रांग. त्यातून गार पाणी झिरपायचं. आम्ही शेतावरून येताना तिथं पाय धुवायचो."

"मग आता ते दगड कुठे आहेत?"

धोंडूबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दगड नव्हते. कधीपासून नव्हते, तेही तिला आठवेना.

"तुम्ही त्यावर बसला आहात," माधवी म्हणाली. "मातीचं धरण आहे, त्याला घाम येणारच. आतून थोडं थोडं पाणी मुरत येतं. ते निवांत बाहेर जावं म्हणून ते दगड होते. वरून माती येत गेली, दगड बुजले, पाणी आत तुंबलं. वर्षानुवर्षं आतून भिजून बांध मऊ झाला. आणि वर ट्रॉल्यांचा भार."

"म्हणजे आमच्या मातीनं बांध खचला?"

माधवी उठली. फावडं मागवून घेतलं आणि उताराच्या कापलेल्या कडेला एक साफ घाव घातला. आत खाली लाल माती होती, वर काळी, आणि दोघींच्या मध्ये कुजलेल्या गवताची बोटभर पट्टी. तिने तिथे बोट घातलं तर ते सरळ आत गेलं.

"बघा. गवतावर नुसती ओतली. खालचं गवत खरवडलं नाही, जुन्या बांधाला पायऱ्या कापल्या नाहीत, पाणी मारून धुमसाने ठोकून घट्ट केली नाही. इतकी वर्षं दोन्ही माती एकमेकींच्या अंगावर पडून राहिल्या, पण एक झाल्या नाहीत. जुनीने जागाच केली नाही, तर नवी बसणार कुठे? पहिल्या मोठ्या पावसात घसरली."

धोंडूबाईनेही त्या पट्टीत बोट घालून पाहिलं. मग तिने विचारलं, "काढलेली माती कुठं टाकणार?"

"कुठल्यातरी गोदामाच्या प्लॉटला भराव हवाय. डंपर तिकडे जातील. वळला."

धोंडूबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं. माधवीला काय झालं ते कळेना. तिने पाण्याची बाटली पुढे केली. म्हातारीने ती घेतली नाही, माधवीचा हात मात्र घट्ट धरून ठेवला.

घरी आली तेव्हा चहा तयार होता. तिने कपाला हात लावला नाही.

"बरंच झालं की," पंढरी म्हणाला. "तुझी माती माहेरी चालली."

"लादीखाली चालली," ती फणकारली. "मेल्या मातीला तिथं ऊनसुदीक लागायचं न्हाय."

पंढरी कोपरावर रेलला. म्हणाला, "मना दुसरीच काळजी लागली हाय. तू आता माझ्यावर रुसून जाशील कुठं?"

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. पंढरीने खाटेवरून पाय खाली सोडले, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून गार झालेला कप तिच्याकडे सरकवला.

आत मेघाली भाकऱ्या थापत होती. भाकऱ्या झाल्यावर ती हात पुसत खोलीत गेली आणि खाटेखालची कापडी पिशवी ओढून साडी काढायला लागली. धोंडूबाईचं लक्ष त्या पिशवीकडे गेलं. लग्नात आलेली पिशवी. पोरीला येऊन इतके महिने झाले आणि तिचे कपडे अजून खाटेखाली. कपाटात जुन्या गोधड्या होत्या, सागरच्या शाळेचं दप्तर होतं, पंढरीची फाटकी छत्री होती. त्यात एक फळी रिकामी करून द्यावी हे घरात कुणाला सुचलं नव्हतं. पोरीने मागितलीही नव्हती.

धोंडूबाई उठली. गोधड्या बाहेर ओढल्या, छत्री पंढरीच्या अंगावर टाकली, दप्तर माळ्यावर भिरकावलं, आणि ओल्या फडक्याने मधली फळी घासून पुसली.

"आजी, काय शोधताय? मी देते ना," मेघाली धावत आली.

"काय शोधत न्हाय. तुझी कापडं आण हिकडं."

मेघाली पिशवी घेऊन उभीच राहिली. तिला वाटलं काही चुकलं. "आण गं," धोंडूबाई म्हणाली, "जागा आधीच करायला हवी व्हती." मग तिनेच एकेक साडी घडी घालून फळीवर लावली.  मेघाली दाराला टेकून बघत होती.

सकाळी धोंडूबाई बांधावर गेली ती भांडायला नाही. माधवी रोलरवाल्याला काही समजावत होती. तिचं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाय, तुझं खरं हाय. काढ माती. पन एक विचारू? तू पायऱ्या कापून नवी माती घालशील, त्यात आमची थोडी घातली तर चालल? वर न्हाय टाकायची. आत."

माधवी विचारात पडली. मातीचं काम करणारं माणूस असल्या गोष्टीला सहसा हो म्हणत नाही. तिने काळा ढेकूळ उचलून मुठीत दाबला, बोटांनी वळून त्याची लांब वळी केली. वळी तुटली नाही.

"चिकण माती चांगली आहे. पण आजी, बाईमागे एकच घमेलं. मुळं, दगड, प्लास्टिक काही नको, चाळून आणायची. मी सांगेन त्या दिवशी, सांगेन त्या थरात. आणि यापुढे उतारावर कुणी मूठभरही टाकायची नाही."

"टाकली तर माझ्याशी गाठ हाय," धोंडूबाई म्हणाली.

मग ती घरोघर फिरली. माधवीने दाखवलेलं तिने आपल्या पद्धतीने सगळ्या बायकांना सांगितलं, आणि शेवटी हेही सांगितलं, "पोरीची पिशवी काय हातभर व्हती. बांध आपल्या सगळ्यांच्या ट्रॉल्यांनी बसवला, आणि सुरुवात माझ्या बापानं केली. पुन्हा तिला पिशवीवाली म्हणाल तर मना आधी गाडीवाली म्हणा." दोघीतिघींनी माना खाली घातल्या. बाकीच्यांनी चाळण्या शोधल्या आणि डंपर यायच्या आत ढिगातून आपापली माती काढून घेतली.

पोकलेनने घसरलेली माती काढली. डंपर भरभरून गेले, आणि पहिला डंपर निघाला तेव्हा धोंडूबाईने त्याला हळदकुंकू लावलं. पायथ्याचे दगड उघडे पडले, काळपट, शेवाळलेले. माधवीने ते काढून, धुऊन, नव्याने रचून घेतले. दुसऱ्याच दिवशी त्यातून पाणी झिरपायला लागलं. मग जुन्या बांधाला खालपासून वरपर्यंत रुंद पायऱ्या कापल्या, आणि एकेक थर माती, त्यावर पाण्याचा शिडकावा, त्यावर रोलर, असं काम सुरू झालं.

बायकांचा दिवस आला तेव्हा बांधावर जत्रेसारखी गर्दी झाली. लाल, पिवळट, राखी, तऱ्हेतऱ्हेच्या मातीची घमेली डोक्यावर घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. माधवी प्रत्येकीचं घमेलं हाताने चाळवून बघत होती. खारबावच्या सुनेच्या घमेल्यात बाटलीचं झाकण निघालं, तर तिला रांगेतून बाहेर काढून पुन्हा चाळायला बसवलं. ती रागावली नाही, उलट हसत बसली.

धोंडूबाईचं घमेलं काळ्या मातीने काठोकाठ भरलेलं होतं. एकेक मूळ तिने हाताने वेचलं होतं. तिची पाळी आली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. मेघाली लांब, झाडाखाली उभी होती. हातात रिकामं घमेलं. तिच्या मातीत निम्मा नारळाचा भुसा होता. तो तर पहिल्या पावसातच वाहून गेला होता. आणि आता तर पिशवी आणायलाही मागे चाळ उरली नव्हती. कारखाना भंगारात गेला, बाप खोली सोडून सुरतेला भावाकडे राहायला गेला. ही गोष्ट मेघालीने कुणाला सांगितली नव्हती. सागरने आजीला सांगितली होती.

"मेघाली, हिकडं ये," धोंडूबाईने हाक मारली.

"आजी, माझं काही नाही. मी घमेली उचलायला आलेय."

"ये म्हणते ना."

मेघाली आली. धोंडूबाईने तिचं रिकामं घमेलं खाली ठेवायला लावलं आणि आपल्या घमेल्यातली माती दोन्ही ओंजळींनी त्यात घालायला लागली. निम्मी झाली तरी थांबली नाही. स्वतःकडे तळाशी उरेल एवढीच ठेवली.

"वळची हाय," ती म्हणाली. "कुनी विचारलं माहेर कुठलं, तर वळ सांगायचं. कळलं?"

मेघालीने मान हलवली. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण एवढ्या बायकांसमोर रडायला तिला लाज वाटत होती. दोघींनी वाकून पायरीवर माती पसरली. टँकरवाल्याने पाणी शिंपडलं. रोलर घरघरत आला, गेला, पुन्हा आला. काळ्या मातीचे दोन पट्टे होते ते लालात मिसळत गेले, आणि शेवटी कुठली माती कुठे ते धोंडूबाईलाही ओळखता येईना. ती तिथे उभी राहून शोधत राहिली. मग पंढरी काठी टेकत आला आणि तिला घरी घेऊन गेला.

मेच्या अखेरीस काम संपलं. उतारावर हरळी लावली. माधवीची बदली दुसऱ्या कामावर झाली. जाताना ती धोंडूबाईकडे जेवून गेली. मग पाऊस आला, तलाव भरला, आणि भर पावसात माणसं छत्र्या घेऊन बांध बघायला जायची. बांध जागचा हलला नाही. दगडांतून पाणी झिरपत राहिलं आणि बायका पुन्हा तिथे पाय धुवायला लागल्या.

धोंडूबाई मात्र दुपारी कुठे जाईनाशी झाली. जायचं कुठे? उतारावर सगळीकडे सारखं हिरवं गवत होतं. बसायचं कुठे तेच कळत नसे. पंढरी सवयीने चहा ठेवायचा आणि ती घरातल्या घरातच तो प्यायची.

भादव्यात एका दुपारी सागर आणि मेघालीचं वाजलं. कशावरून, ते दोघांनाही नंतर आठवलं नसतं. सागर ड्युटीची बॅग घेऊन तणतणत निघून गेला. मेघालीने ताट बाजूला सारलं, डोळे पुसले, ओढणी डोक्यावर घेतली आणि दारात येऊन म्हणाली, "आजी, मी जरा वळला जाऊन येते."

पंढरी खाटेवर उठून बसला. धोंडूबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. तिने दारातून बघितलं. मेघाली पायवाटेने बांधाकडे चालली होती, वर चढली, आणि उतारावर मधेच एका जागी गवतात जाऊन बसली. जागा बरोबर होती की नाही, कोण जाणे.

धोंडूबाईने सूप बाजूला ठेवलं. दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर जवळ्याची चटणी ठेवली आणि चप्पल घातली.

"तू कुठं निघालीस?" पंढरीने विचारलं.

"पोर माहेरी गेली हाय," ती म्हणाली. "घरात कुनी नको?"

चढ चढताना तिला दम लागला, पण ती थांबली नाही. मेघाली गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. पावलं ऐकून तिने मान वर केली. हातातलं फडकं खाली ठेवायच्या आत धोंडूबाईने विचारलं,

"जेवलीस का गं?"